मुलाला गप्प करतील अशी उत्तरं हवीयत

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या ताई पन्नाशीच्या पुढे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांची थोरली बहीण, अक्का, गेली. बरेच महिने आजारी होती. ती गेली त्या रात्री या झोपेतून दचकून जाग्या झाल्या, पायाशी कोणीतरी उभं आहे असं वाटलं, चेहरा दिसला नाही पण ती अक्काच आहे हे आतून कळलं. सकाळी फोन आला. तेव्हापासून त्यांनी टेलिपथी, पुनर्जन्म, मरता मरता परत आलेल्या लोकांचे अनुभव असं खूप वाचलंय. सायन्स शिकलेल्या मुलाला हे सगळं थोतांड वाटतं, आणि मागे एकदा सगळे नातेवाईक बसलेले असताना तो म्हणाला, “आई, योगायोग आहे गं तो, कुठे काय पुरावा आहे याला.” लोक हसले, या उठून आत गेल्या. आता त्यांनी एका वहीत उत्तरं काढून ठेवलीयत. सायन्सला तरी सगळं कुठे कळतं, उल्कांनाही शास्त्रज्ञ हसलेच होते, क्वांटममध्ये सगळं जोडलेलंच आहे, इतके लोक खोटं बोलतील का, अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीने सिद्ध केलंय. त्यांचं म्हणणं, ही उत्तरं अजून धारदार करून द्या, मुलगा परत तोंड उघडणार नाही अशी. आणि पत्राच्या अगदी शेवटी दोन ओळी आहेत, की गेलेल्या माणसांशी बोलणं करून देणाऱ्या एका बाईंची वेळ घ्यावी असं चाललंय मनात.

ताई,

अक्कांचं वाचून वाईट वाटलं. आणि मुलगा बोलला ते बरोबर का चूक हे नंतर बघू, पण चार माणसांत बोलायची गोष्ट नव्हती ती, तिथे त्याचं चुकलंच.

आता उत्तरं. देते मी, त्यातली एकदोन चांगली सणसणीत आहेत. पण तुम्ही असं धरून चाललायत की समोरचा आक्षेप एकच आहे, ‘हे सगळं खोटं’, आणि त्यावर उत्तरही एकच लागतं, ‘हे सगळं खरं’. तसं नाहीये हो. शंका घेणारी माणसं जे बोलतात त्यात चार-पाच वेगवेगळे मुद्दे एकत्र कालवलेले असतात, काही अगदी फुसके आणि काही असे की परामानसशास्त्रात, म्हणजे टेलिपथीसारख्या गोष्टींच्या अभ्यासात, आयुष्य घातलेल्या लोकांनाही त्यांचं समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही. आणि गंमत म्हणजे वादात लोक फुसकेच मुद्दे आधी फेकतात, मग आपण ते परतवतो आणि आपल्याला वाटतं आपण जिंकलो.

सगळ्यात फुसका हा, की तुला असं काही वाटलं म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर नाही. मुलगा असं म्हणाला नाही, पण लोक हसले तेव्हा तुम्हाला ऐकू आलं ते हेच, असा माझा अंदाज. तर ऐका. ड्युई रीस नावाचे एक डॉक्टर होते वेल्समध्ये. त्यांनी जोडीदार गेलेल्या २९३ स्त्री-पुरुषांना भेटून विचारलं की गेलेलं माणूस कधी जवळ असल्यासारखं वाटलं का, दिसलं का, आवाज आला का. १९७१ मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. जवळजवळ निम्म्या लोकांनी हो सांगितलं. बहुतेकांनी तोवर कोणाला सांगितलंच नव्हतं, आणि त्रास होण्यापेक्षा आधार वाटला असं म्हणणारेच जास्त होते. म्हणजे जवळचं माणूस गेल्यावर असं वाटणं हा आजार नाही, वेडेपणा तर नाहीच नाही. हे उत्तर वहीत पहिल्या पानावर लिहा, कारण ते पक्कं आहे आणि ते तुम्हाला कोणीही खोडू शकत नाही.

पण त्याने सिद्ध काय होतं तेही तिथेच लिहा. अनुभव खरा होता, एवढंच. अक्का खरोखर पायाशी येऊन उभ्या होत्या हे त्यातून निघत नाही. ‘मला जाग आली आणि अक्का जवळ आहे असं वाटलं’ हे एक वाक्य आणि ‘अक्का तिथे होती’ हे वेगळं वाक्य. पहिल्याला साक्षीदार एकट्या तुम्ही, आणि तेवढं पुरतं. दुसरं वाक्य जगाबद्दल आहे, तिथे समोरचा पुरावा मागणार आणि मागावाच त्याने. मला वाटतं तुमच्या घरात भांडण होतंय ते इथे, मुलगा दुसऱ्या वाक्यावर शंका घेतो आणि तुम्हाला वाटतं तो पहिल्यावर घेतोय, म्हणजे तुम्हाला खोटं पाडतोय, म्हणजे अक्कावरच्या मायेलाच खोटं म्हणतोय. आणि हे त्याला बहुतेक माहीतही नसावं.

बरं, आता त्याचा खरा आक्षेप, योगायोग. हा फुसका नाहीये. आणि यावर थोडं थांबावं लागेल कारण तुमच्यासारखाच अनुभव लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी शेकड्याने गोळा केलेला आहे.

लंडनमध्ये १८८२ साली सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च नावाची संस्था निघाली, चांगली विद्यापीठातली माणसं होती त्यात. त्यांनी १७,००० लोकांना विचारलं की पूर्ण जागे असताना कधी असं कोणी दिसलं, आवाज आला, स्पर्श झाला का, जे प्रत्यक्षात तिथे नव्हतं. १८९४ मध्ये अहवाल आला, दहातला साधारण एक जण हो म्हणाला होता. मग त्यांनी ओळखीचं माणूस दिसल्याचे अनुभव वेगळे काढले आणि बघितलं की किती जणांच्या बाबतीत ते माणूस आगेमागे बारा तासांत गेलेलं होतं. शंकास्पद वाटलेले सोडून देऊनसुद्धा हिशोब आला ४३ मागे एक. आणि त्या काळच्या मृत्युदराप्रमाणे कोणतंही एक माणूस ठराविक दिवशी मरण्याची शक्यता होती १९,००० मध्ये एक. फरक बघा केवढा आहे. मुलाला सांगायला हा आकडा एकदम भारी वाटेल, मान्य.

पण थांबा, कारण त्यातली भोकं त्याच लोकांना पहिल्यांदा दिसली होती. एक तर भास झाला आणि पुढे काहीच घडलं नाही तर माणूस तो विसरून जातो, घडलं तर जन्मभर सांगतो, मग वीस-तीस वर्षांनी विचारायला गेलं की जुळलेलेच जास्त हाती लागणार. त्यांनी त्यासाठी आकड्यांत दुरुस्ती करायचा प्रयत्नही केला, पण तो अंदाजच. आणि दुसरं, जे तुम्हाला जास्त लागू आहे, ते १९,००० मध्ये एक हे सरासरी माणसाचं झालं, म्हणजे धडधाकट लोकही त्यात आले. अक्का आजारी होत्या. तुम्ही त्यांच्या काळजीत होतात. रात्री अपरात्री जाग येत असेल, आली की पहिला विचार तिचाच येत असेल.

कच्चा हिशोब करून बघू. समजा एक लाख लोक आहेत, प्रत्येकाचं कोणीतरी जवळचं आजारी आहे आणि ते त्या वर्षात जाणार आहे. समजा प्रत्येकाला वर्षातून फक्त दहा रात्री अशी जाग येते की काहीतरी झालंय, ती व्यक्ती आसपास आहे. आता त्या दहातली एक रात्र नेमकी मृत्यूचीच असण्याची शक्यता ३६५ मध्ये दहा, म्हणजे लाखातल्या जवळजवळ २,७०० लोकांच्या बाबतीत ते निव्वळ योगायोगाने जुळणार. हे २,७०० लोक ती गोष्ट विसरणार नाहीत. राहिलेले ९७,००० लोक सांगणार तरी काय, की मला जाग आली आणि काही झालं नाही?

यावर तुम्ही म्हणाल, पण माझं तसं नव्हतं, दहा रात्री वगैरे नाही, ती एकच रात्र होती, आणि इतकं लख्ख कधीच वाटलं नव्हतं. असेलही. योगायोगाचा हिशोब ‘असं होऊ शकतं’ एवढंच सांगतो, तुमच्या बाबतीत तसंच झालं हे तो सिद्ध करत नाही, आणि मुलगा जर हिशोब न करता नुसता योगायोग शब्द फेकत असेल तर त्यानेही काही सिद्ध केलेलं नाही. हे त्याला जरूर सुनवा. फक्त त्याच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा, पत्रात त्याचं उत्तर नाहीये म्हणून म्हणते. उठल्यावर घड्याळ बघितलं होतं का? आणि सकाळचा फोन यायच्या आधी घरात कोणाला काही बोललात का? बोलला असाल तर त्या माणसाला, तुम्ही काहीही न सुचवता, त्या रात्रीबद्दल काय आठवतंय ते लिहून द्यायला सांगा. नसाल बोललात तर अनुभव कमी होत नाही हो, फक्त दुसऱ्याला दाखवायला त्यात काही उरत नाही.

आठवण फार बेभरवशाची असते आणि यात हुशार-अडाणी असा भेद नाही. १८८० च्या दशकात एस. जे. डेव्ही नावाच्या माणसाने मुद्दाम हातचलाखी शिकून आत्म्यांना बोलावण्याच्या बैठका घेतल्या, आणि नंतर आलेल्यांना काय बघितलं ते लिहायला लावलं. शिकलेसवरलेल्या लोकांनी घडल्याच नव्हत्या अशा गोष्टी लिहिल्या, आणि जिथे हातचलाखी झाली नेमका तोच क्षण वगळला. खोटं कोणीच बोलत नव्हतं. म्हणून तुमच्या वहीतलं ‘इतके लोक खोटं बोलतील का’ हे वाक्य काढून टाका, त्याचं उत्तर ‘नाही, पण खोटं न बोलताही चुकू शकतात’ असं येतं आणि तुम्ही अडकता.

आता जरा तुमच्या बाजूने, कारण शंका घेणाऱ्यांचेही दोन आवडते डायलॉग आहेत जे मला अजिबात पटत नाहीत.

एक म्हणजे ‘हे अशक्यच आहे, बघायची गरजच नाही’. हे काही नाक्यावरचे लोकच म्हणतात असं नाही. २०१८ मध्ये एत्झेल कार्देन्या या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकन सायकॉलॉजिस्ट या जर्नलमध्ये या क्षेत्रातल्या प्रयोगांचा आढावा घेऊन लिहिलं की पुरावा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. त्याला रेबर आणि अल्कॉक या दोघांनी उत्तर दिलं ते असं, की कार्यकारणभाव, काळाची दिशा असल्या मूलभूत गोष्टींच्या हे विरुद्ध जातं, म्हणून ते खरं असूच शकत नाही, म्हणून आकडे तपासण्यात अर्थ नाही. आता मला सांगा, आकडे न बघता निकाल द्यायचा याला चिकित्सा कसं म्हणायचं? ते दोघं शेवटी बरोबरही ठरतील, मला तर तसंच वाटतं, पण ही पद्धत बरोबर नाही.

दुसरा डायलॉग, मुलाने म्हटलेला, ‘कुठे काय पुरावा आहे’. शून्य पुरावा, कोणी शिकलेल्याने याकडे बघितलेलं नाही, असं त्याला म्हणायचं असेल तर ते चक्क चुकीचं आहे. परामानसशास्त्रज्ञांची संघटना १९५७ पासून आहे आणि १९६९ मध्ये तिला अमेरिकेतल्या विज्ञानसंस्थांच्या मोठ्या महासंघाने, ट्रिपल-ए-एसने, सदस्य करून घेतलं. प्रिन्स्टनमध्ये १९७९ ते २००७ एक लॅब यावरच चालली. अमेरिकन सरकारने तर हेरगिरीसाठी ‘आम्हाला दूरचं मनाने दिसतं’ म्हणणारे लोक पदरी ठेवले होते, १९९५ मध्ये ते बंद करताना दोन तज्ज्ञांना आकडे दाखवले तर जेसिका उट्स म्हणाल्या परिणाम दिसतोय, रे हायमन म्हणाले एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, आणि हेरगिरीला उपयोग शून्य झाला यावर मात्र फारसा वाद नव्हता. तेव्हा ‘कोणी बघितलंच नाही’ हे म्हणू देऊ नका त्याला. बघितलंय, शंभर वर्षं बघतायत.

प्रश्न आहे बघून काय मिळालं. आणि इथे ताई, तुमच्या वहीतलं ड्यूक युनिव्हर्सिटीचं पान पण अर्धंच आहे. जे. बी. ऱ्हाइन यांनी तिथे १९३० च्या दशकात पत्त्यांचे प्रयोग केले, २५ पत्ते, पाच चिन्हं, नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर यायला हवेत. काही लोकांचे त्यापेक्षा बरेच जास्त आले. मग लोकांनी दाखवून दिलं की सुरुवातीच्या काही पत्त्यांची चिन्हं उजेडात मागून दिसत होती, समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज येऊ शकत होता, आणि बंदोबस्त जसजसा कडक झाला तसतसे ते मोठे आकडे खाली आले. नंतर गान्झफेल्ड नावाचे प्रयोग झाले, डोळ्यांवर पिंगपाँगच्या बॉलचे अर्धे तुकडे, लाल दिवा, कानात सतत खरखर, आणि दुसऱ्या खोलीतला माणूस चार चित्रांपैकी कोणतं बघतोय ते ओळखायचं. अंदाजाने २५ टक्के यायला हवेत, मानणारे लोक म्हणतात सगळे प्रयोग एकत्र केले तर तीसच्या वर येतात, विरोधी म्हणतात १९९९ मध्ये मिल्टन आणि वाइझमन यांनी नवे प्रयोग एकत्र केले तेव्हा काही उरलं नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.

पण एक प्रयोग असा आहे की तो दोन्हीकडच्या लोकांनी वाचावा. २०११ मध्ये कॉर्नेलच्या डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोग छापले, हजारावर लोक, आणि म्हणणं असं की पुढे काय दाखवणार ते लोकांना आधीच किंचित कळतं. एका प्रयोगात पन्नास टक्क्यांच्या जागी ५३ आले होते. मोठ्या प्रतिष्ठित जर्नलमध्ये आलं, गदारोळ झाला. मग मानणारे आणि न मानणारे असे दोन्हीकडचे तज्ज्ञ एकत्र बसले, प्रयोग कसा करायचा, कशाला यश म्हणायचं कशाला अपयश, हे सगळं आधी ठरवून लिहून ठेवलं, कोणाला आकड्यांशी खेळता येणार नाही अशी व्यवस्था केली, आणि वेगवेगळ्या लॅबमध्ये २,११५ लोकांवर तोच प्रयोग परत केला. ३७,८३६ अंदाज. २०२३ मध्ये निकाल छापला. बरोबर आलेले अंदाज ४९.८९ टक्के.

शंका घेणाऱ्यांचा खरा दमदार आक्षेप हा आहे, आणि याला तुमच्या वहीत उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. पद्धत जितकी काटेकोर करावी तितका परिणाम बारीक होत जातो. खरी गोष्ट असेल तर उलट व्हायला हवं ना, नीट बघितल्यावर जास्त स्पष्ट दिसायला हवी. माझं मत विचाराल तर मी याच कारणामुळे न मानणाऱ्यांकडे झुकलेली आहे. दार बंद केलंय असं नाही, पण झुकलेली आहे.

त्यामुळेच उल्कांचं उदाहरणही जपून वापरा. आकाशातून दगड पडतात याला बरेच शास्त्रज्ञ अंधश्रद्धा म्हणत हे खरं. पण १८०३ मध्ये फ्रान्समध्ये लेगल गावाजवळ हजारोंनी दगड पडले, बियो नावाचा शास्त्रज्ञ तिथे जाऊन गावकऱ्यांशी बोलला, दगड गोळा केले, आणि वाद बऱ्यापैकी संपला. म्हणजे ‘हसले होते’ म्हणून उल्का खऱ्या ठरल्या नाहीत, हातात घेता आल्या म्हणून ठरल्या. आणि त्याच फ्रान्समध्ये शंभर वर्षांनी, १९०३ मध्ये, ब्लाँडलो या शास्त्रज्ञाने एन-किरण नावाचे नवे किरण सापडल्याचं सांगितलं, अनेक शास्त्रज्ञांना ते दिसायलाही लागले, आणि वर्षभरात कळलं की असं काही नाहीच. मुलगा वाचणारा असेल तर तुमच्या उल्केवर तो एन-किरण टाकेल, मग काय करणार?

क्वांटमचं पान फाडूनच टाका. दूर असलेले कण जोडलेले असतात हे बरोबर, पण त्या जोडणीतून निरोप पाठवता येत नाही, हे त्याच शास्त्रातलं गणित सांगतं. ‘सायन्सला सगळं कळत नाही’ हे खरं आहे, पण जे कळलेलं नाही ते ‘कळलेलं नाही’ म्हणूनच ठेवावं लागतं, तिथे आपल्याला हवं ते भरता येत नाही. तुम्ही मरता मरता परत आलेल्यांबद्दल लिहिलंय, तिथेही तेच आहे. सॅम पार्निया यांच्या २०१४ च्या अभ्यासात हॉस्पिटलांमध्ये उंच फळ्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. हृदय बंद पडल्याच्या २,०६० घटना, नीट सविस्तर बोलता आलं असे १०१ जण, त्यातल्या दोघांना आजूबाजूचं काही बघितल्या-ऐकल्याचं आठवत होतं, एकाचं पडताळून बरंच जुळलं, आणि नेमकं त्या दोघांच्या खोलीत फळी नव्हती. यातून हो पण निघत नाही आणि नाही पण निघत नाही. असं अर्धवट लटकत राहणं त्रासाचं असतं, पण आहे ते तसं आहे.

फसवणुकीचा आक्षेप पटकन संपवते. ‘सगळेच लबाड’ हे खोटं, पण लबाडांची यादी लांबलचक आहे हे खरं. ज्या फॉक्स बहिणींच्या टकटक आवाजांपासून १८४८ मध्ये आत्म्यांशी बोलण्याची लाट सुरू झाली त्यातल्या मॅगीने १८८८ मध्ये लोकांसमोर पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखवले. पुढच्या वर्षी तिने कबुली मागे घेतली, पण सांधे वाजवून झाले होते. ऱ्हाइन यांच्याच संस्थेत १९७४ मध्ये वॉल्टर लेव्ही आकड्यांत फेरफार करताना सापडला, आणि पकडणारे त्याचे सहकारीच होते, हे मला त्या संस्थेच्या बाजूने जाणारं वाटतं. अशी शक्ती सिद्ध करून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर, हे जादूगार जेम्स रँडींचं आव्हान २०१५ पर्यंत उघडं होतं, पहिली चाचणीसुद्धा कोणी पार केली नाही. मुलगा हे नक्की सांगणार. जाहीर आव्हान म्हणजे संशोधन नव्हे हे उत्तर देता येतं, पण खरं सांगू, फार बळ नाही त्या उत्तरात.

मग करायचं काय. मुलाशी वाद जिंकायचा नाही असं म्हटलं तर तुम्हाला राग येईल, म्हणून मी वेगळं सांगते. मॅरिलिन श्लिट्झ आणि रिचर्ड वाइझमन, एक मानणारी एक न मानणारा, दोघांनी मिळून एकच प्रयोग केला, दुसऱ्या खोलीतून कॅमेऱ्यातून कोणी टक लावून बघितलं तर कळतं का. पद्धत तीच, जागा तीच. १९९७ मध्ये छापलं, तिच्या प्रयोगात परिणाम आला, त्याच्यात नाही आला. भांडत बसले नाहीत, परत मिळून केलं, पुढच्या मोठ्या प्रयोगात दोघांनाही काही मिळालं नाही. आपापली मतं त्यांनी ठेवलीच. तुम्ही आणि मुलगा असं करू शकता. तुम्हाला जेव्हा जेव्हा आतून काही जाणवेल, अमक्याचं काही बरं दिसत नाही, आज फोन येणार, तेव्हा तारीख-वेळ घालून त्याला लगेच मेसेज करा, गोष्ट घडायच्या आधी. काय घडलं म्हणजे जुळलं म्हणायचं ते त्याच मेसेजमध्ये लिहा. त्याने उत्तर द्यायचं नाही, हसायचं नाही, फक्त साठवायचं. वर्षभराने दोघांनी मिळून मोजायचं, आणि न जुळलेले आधी मोजायचे. हे मी सगळ्याच वाचकांना सांगते, ज्यांना ‘मला आधीच कळतं’ असं वाटतं आणि घरचे मानत नाहीत, त्यांनी वादाच्या आधी ही नोंद सुरू करावी.

आणि त्या रात्रीबद्दल मुलाशी वेगळं बोला, दोघंच असताना, पुराव्याचा विषय न काढता. एवढंच म्हणा, “त्या रात्री मला काय वाटलं ते तू कधी विचारलंच नाहीस. मान्य कर म्हणत नाही, ऐकून घे.” त्याचीही मावशी गेलीय हो. काही मुलं दुःख झालं की मुद्दे मांडतात.

आता त्या बाई. पत्रात दोनच ओळी आहेत पण मला काळजी याचीच वाटते, कारण मुलाशी हरलात तर फार तर राग येईल, इथे मन अडकतं. समोरचा माणूस वाईटच असेल असं नाही, काहींना स्वतःलाच ते खरं वाटत असतं. पण पद्धत कशी चालते ते माहीत असू द्या. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने वर्गातल्या प्रत्येकाला ‘हे खास तुझं स्वभाववर्णन’ म्हणून कागद दिला आणि किती जुळतंय त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. सगळ्यांचा कागद एकच होता. ‘तुमच्या बहिणीला काहीतरी सांगायचं राहून गेलं’ हे वाक्य कोणत्या बहिणीला लागू होत नाही सांगा. त्यात आपण मान हलवतो, डोळे भरून येतात, पुढचं वाक्य त्यावरून ठरतं.

माझा सल्ला, इतक्यात जाऊ नका. जायचंच ठरलं तर वेळ दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या फोनवरून घ्या, कारण नाव आणि नंबरवरून आजकाल अर्धं घर सापडतं. कोणालातरी बरोबर न्या, शक्यतो मुलालाच, पण त्याने एक शब्द बोलायचा नाही या अटीवर. रेकॉर्डिंग करा, घरी येऊन किती चुकलं तेही लिहा. तुमच्या आणि अक्काच्या दोघींतलीच अशी एक गोष्ट आधी ठरवून कागदावर लिहून घरी ठेवा, ती स्वतःहून, तुम्ही काही न सुचवता आली तर मला परत लिहा, मी खरंच वाचेन. हूडिनी या प्रसिद्ध जादूगाराने मरण्याआधी बायकोशी, बेसशी, असाच एक गुप्त संकेत ठरवला होता. १९२६ मध्ये तो गेला, बेस दर वर्षी त्याच्या आत्म्याला बोलावायला बसायची, १९३६ मध्ये तिने थांबवलं.

आणि त्या बाई म्हणाल्या की अक्काचा जीव अडकलाय, तिला शांती नाही, त्यासाठी परत यावं लागेल, काहीतरी करून घ्यावं लागेल, तर वाक्य पुरं व्हायच्या आधी उठा. तिथे वाद घालू नका, कारण विचारू नका, पर्स घ्या आणि निघा. दीड वर्ष झालं तरी अजून रात्र रात्र झोप येत नसेल, कशात मन लागत नसेल, तर दुःखावर काम करणारे समुपदेशक असतात, तिकडची वेळ आधी घ्या. अक्का जवळ आहे असं वाटलं हे त्यांना सांगायला कचरू नका, हे त्यांनी पुष्कळदा ऐकलेलं असतं.